मदत हवी आहे : हमीपत्र लिहून घेतले की प्रशिक्षकाची जबाबदारी संपते का?

नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून गेली नऊ वर्षे मैदानी सराव करून घेतो. दिवसा शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि पहाटे साडेपाच ते साडेसात गावाबाहेरच्या मैदानावर असतो. तिथे सुमारे चाळीस उमेदवार येतात. मुलांचे १६०० मीटर, मुलींचे ८०० मीटर, दोघांचेही १०० मीटर आणि गोळाफेक एवढाच आमचा अभ्यासक्रम. शुल्क नाममात्र आहे, कारण बहुतेकांच्या घरी कोरडवाहू कापूस आहे किंवा तोही नाही. माझा प्रश्न कायद्यापेक्षा कर्तव्याविषयी अधिक आहे, हे आधीच सांगतो.

गेल्या एप्रिलमध्ये एके दिवशी १६०० मीटरची चाचणी होती. आदल्या रात्री गावात लग्न असल्यामुळे मुले उशिरा आली, सुरुवात व्हायलाच सात वाजले आणि शेवटच्या तुकडीची वेळ घेईपर्यंत साडेआठ झाले. खानदेशातला एप्रिल ज्यांनी काढला आहे त्यांना साडेआठचे ऊन वेगळे सांगायला नको. शेवटच्या फेरीत एक मुलगा भोवंडल्यासारखा मैदानाच्या आत वळला. मी शिट्टी वाजवून त्याला रेषेवर ये म्हणून ओरडलो. तो थांबला, उलट दिशेने चालू लागला, माझ्याकडे पाहून काहीतरी बरळला आणि खाली पडला. तो उलटा चालत होता तेव्हा मला त्याचा राग आला होता, ही गोष्ट मला अजून सोडत नाही.

त्यानंतरची पंचवीस मिनिटे मी कोणालाही अभिमानाने सांगू शकणार नाही. कोणी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला, कोणी मिरगी समजून चप्पल हुंगवली, एकाने अर्धवट शुद्धीत असलेल्या त्या मुलाच्या तोंडात पाणी ओतले आणि त्याला जोराचा ठसका लागला. अंग तव्यासारखे तापले होते. मी १०८ ला फोन केला; पलीकडून पत्ता विचारला तेव्हा मी ‘जिनिंगच्या मागचे मैदान’ असे सांगितले. आमच्या गावात जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचे कारखाने, चार आहेत. शिवाय मैदानाच्या मोठ्या फाटकाला कुलूप होते आणि चावी ज्याच्याकडे असते तो चहाला गेला होता. शेवटी केळी भरायला निघालेली एक पिकअप कुंपणाच्या फटीपाशी लावून मुलाला उचलून नेले. निदान उष्माघाताचे झाले, मूत्रपिंडावर परिणाम झाला होता, अकरा दिवसांनी तो घरी आला. आता बरा आहे. वडील मला एवढेच म्हणाले, “जे व्हयनं ते व्हयनं सर, पोऱ्या वाचना ना, बस्स.”

माझी अडचण इथूनच सुरू होते. दर जानेवारीत मी पालकांकडून एक हमीपत्र लिहून घेतो : ‘सरावादरम्यान कोणतीही इजा वा दुर्घटना झाल्यास प्रशिक्षक जबाबदार राहणार नाहीत.’ त्या वडिलांचा अंगठा त्यावर आहे. मुलाला पिकअपमध्ये ठेवल्यावर मी खोलीत परत जाऊन हमीपत्रांची फाइल बरोबर घेतली होती. प्रथमोपचाराची पेटी घ्यायचे सुचले नाही, आणि घेतली असती तरी तिच्यात आयोडीन आणि कापसाखेरीज काही नव्हते.

नंतर वाचताना अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे प्रकरण समोर आले. जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा फुटबॉलपटू २०१८ च्या मे महिन्यात धावण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला आणि जूनमध्ये दगावला. त्याला थंड पाण्यात बुडवण्याचा उपाय केला गेला नव्हता. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक अशी दोन्ही जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. त्यांच्याकडे डॉक्टर, प्रशिक्षित कर्मचारी, पैसा सर्व होते आणि तरीही चुकले; मग माझ्यासारख्या एकट्या माणसाकडून अपेक्षा तरी किती करावी, असा विचार मनात आला, आणि तो स्वतःला सोडवून घेण्याचा विचार आहे हेही लगेच कळले.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. एकट्या प्रशिक्षकाने, तुटपुंज्या पैशांत, शिट्टी वाजवण्यापूर्वी किमान कोणती तयारी केलीच पाहिजे? ती होईपर्यंत सराव बंद ठेवणे योग्य ठरेल की भरतीच्या तोंडावर मुलांचे नुकसान करणे हाच अन्याय होईल? आणि त्या हमीपत्राचे काय करावे?

प्रतिसाद : सातपुड्याचा डॉक्टर

सर, आपण नावे ठेवण्याजोगे सगळे स्वतःच लिहून टाकले आहे, तेव्हा मी थेट उपायाकडे येतो.

धावताना कोसळलेला मुलगा बरळत असेल, ओळखत नसेल आणि अंग तापलेले असेल तर तो उष्माघातच समजावा. काखेत लावलेला थर्मामीटर अशा वेळी खरा आकडा दाखवत नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. नियम एकच : आधी थंड करणे, मग हलवणे. पहिल्या अर्ध्या तासात शरीराचे तापमान उतरले तर बहुतेक जण वाचतात. गुरांचा हाळ किंवा सिमेंटचा हौद जवळ असेल तर मान वर धरून गळ्यापर्यंत त्यात बसवा. नसेल तर ट्रॅक्टरची ताडपत्री चौघांनी कडा धरून खोलगट करावी, मध्ये मुलाला निजवून पाणी आणि बर्फ ओतावा आणि पाणी सतत हलवत राहावे. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात थेंबभरही पाणी घालू नये.

दुसरा प्रकार हृदय थांबण्याचा. त्यात मुलगा एकाएकी कोसळतो, हाका मारून उत्तर येत नाही, अंगाला झटके येऊ शकतात आणि मधूनच घोरल्यासारखा श्वास येतो. लोक त्याला मिरगी समजून कांदा शोधायला धावतात आणि वेळ तिथेच जातो. तो श्वास खरा श्वास नव्हे. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाब ताबडतोब सुरू करायचे आणि मदत येईपर्यंत थांबायचे नाही. २०२१ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्कचा खेळाडू एरिक्सन कोपनहेगनच्या मैदानावर कोसळला तेव्हा हेच दाब आणि विजेचा झटका मैदानातच मिळाले, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळू लागला. झटक्याचे यंत्र आपल्याला परवडणार नाही, हे मान्य. पण दाब द्यायला दोन हात पुरतात, फक्त ते आधी शिकलेले असावे लागतात.

तिसरी गोष्ट खास आपल्या भागाची. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, यावल, चोपडा या पट्ट्यातील भिल्ल आणि पावरा मुलांमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. केवळ वाहक असलेला मुलगा एरवी धडधाकट असतो, पण उन्हात, पाणी कमी पडल्यावर, दमसास तुटेपर्यंत पळवले तर तोही कोसळू शकतो. असा मुलगा बहुधा शुद्धीत असतो, बोलतो, पण पायांत दुखते आणि बळ राहिले नाही म्हणतो. त्याला ‘नाटक करू नकोस’ म्हणणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. मात्र वाहक निघाला म्हणून त्याला सरावातून काढू नका, आणि ती माहिती चारचौघांत बोलू नका. हळूहळू वेग वाढवणे, मध्ये विश्रांती आणि पाणी, एवढे पुरते.

प्रतिसाद : काळा कोट

हमीपत्राबद्दल थोडक्यात. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खालील फौजदारी जबाबदारी पालकाच्या सहीने किंवा अंगठ्याने टळत नाही. उलटपक्षी, बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला त्याच संहितेच्या कलम ३० चे संरक्षण आहे. म्हणजे ज्या कागदावर आपण भिस्त ठेवली तो लंगडा आहे आणि ज्या कृतीची भीती वाटते तिला आधार आहे.

प्रतिसाद : धुळ्याचा वस्ताद

सर, सराव बंद करू नका. बंद केला तर हीच मुले महामार्गाच्या कडेला अंधारात एकटी पळतील, आणि तिथे तर कोणीच नसते. वेळेच्या चाचण्या तेवढ्या थांबवा. आमच्या तालमीत एक पद्धत आहे : कोणी पडला तर कोणी काय करायचे हे आधीच ठरलेले असते. एकजण फोन करतो, दुसरा फाटकाकडे पळतो, तिसरा रस्त्यावर उभा राहून गाडी आत घेतो. महिन्यातून एकदा, न सांगता, मी कोणालातरी मुद्दाम पाडतो आणि घड्याळ लावतो. पहिल्या वेळी पोरे हसली. फाटक उघडायला सात मिनिटे लागली तेव्हा गप्प झाली.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. वस्ताद, तुमचे म्हणणे पटले; वेळेच्या चाचण्या थांबवल्या आहेत, हलका सराव चालू आहे आणि साडेसहानंतर कोणी पळत नाही. फाटकाच्या तीन चाव्या करून घेतल्या. मैदानाचा पत्ता, जवळची खूण आणि वळण खोलीच्या दारावर रंगाने लिहिले आहे, म्हणजे फोन करणाऱ्याला वाचून दाखवता येईल. छातीचे दाब शिकवायला ग्रामीण रुग्णालयातील एक परिचारिका रविवारी येणार आहेत.

हमीपत्राचा कागद बदलला. आता वर माझी सही आहे आणि मी काय काय तयार ठेवीन ते लिहिले आहे. खाली पालकांनी मुलाचे आजार, औषधे आणि पूर्वी कधी चक्कर आली होती का, ते लिहायचे आहे. नव्यातला पहिला कागद मी त्याच वडिलांकडे नेला, जरी त्यांचा मुलगा यंदा पळणार नाही. त्यांनी तो वाचून घेतला आणि मला चहा दिला.

डॉक्टरसाहेब, एक शंका उरली आहे. ताडपत्री आहे, पाण्याची टाकीही आहे, पण आमच्या गावचा बर्फाचा कारखाना आठला उघडतो आणि सराव साडेपाचला सुरू होतो. आदल्या संध्याकाळी लादी आणून लाकडाच्या भुशात, गोणपाटाखाली ठेवली तर सकाळपर्यंत पुरेशी उरेल का? आणि नाहीच उरली, तर नुसत्या बोअरच्या पाण्याने भागेल का?