मदत हवी आहे : नववी-दहावीच्या मुलांना पुढच्या वाटा निकालाआधीच कशा दाखवायच्या?

नमस्कार मंडळी,

मी जळगाव जिल्ह्यात पारोळा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आमची शाळा दहावीपर्यंतच आहे. मुलं पुढे कुठे जाणार हे निकालानंतरच्या पंधरा-वीस दिवसांत ठरतं, आणि नेमके तेव्हा आम्ही शिक्षक सुट्टीवर असतो. २०२५ साली निकाल १३ मे रोजी लागला, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. त्या दिवसांबद्दलच मदत हवी आहे.

तेव्हा काय होतं ते सांगते. मुलं तालुक्याच्या नेट कॅफेवर जातात. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झालेत, त्यामुळे फॉर्म तिथेच भरला जातो. मागे रांग असते. "सायन्स का आर्ट्स?" एवढंच विचारून कॅफेवाला पसंतीक्रम टाकून देतो. टक्के बरे असले तर सायन्स, कमी असले तर आर्ट्स आणि जोडीला पोलीस भरतीची अकॅडमी. पॉलिटेक्निकचा फॉर्म वेगळ्या साईटवर असतो, आयटीआयचा आणखी वेगळ्या, आणि तारखाही निराळ्या. हे तीन स्वतंत्र फॉर्म आहेत हेच बऱ्याच पालकांना त्या आठवड्यात कळतं. त्यात कॅफेवाल्याचा काय दोष? त्याने फॉर्म भरायचं काम करायचं, मुलांना सल्ला द्यायचं काम आमचं होतं.

एका मुलीचं सांगते. तिच्या वडिलांची चार एकर कोरडवाहू, एक विहीर, पाच एचपीची मोटर. थ्री फेज कधी दिवसा येते, कधी रात्री. ही मुलगी सातवी-आठवीपासून वडिलांबरोबर रात्री मोटर चालू करायला जायची. दहावीत 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवत होते तेव्हा तिने विचारलं, "मॅडम, एक फेज गेली तर मोटर नुसती गुंगते आणि मग जळते. दोन फेज असतात ना, मग फिरत का नाही?" वर्गात कुणी असा प्रश्न विचारला की शिक्षकाला काय वाटतं ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको. नंतर मी त्यांच्या शेतावर गेले. तिने मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली, स्टार्टरचं झाकण उघडलं आणि मला एकेक दाखवलं : हा कॉन्टॅक्टर, व्होल्टेज कमी असलं की किरकिरतो, हा ओव्हरलोड रिले, ट्रिप झाला तर लगेच रिसेट करायचा नाही, आधी मोटर का तापली ते बघायचं, हे पॉइंट काळे पडले की साफ करायचे. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, रिवाइंडिंगवाल्या (जळालेल्या मोटरची तार पुन्हा भरणाऱ्या) काकांच्या दुकानात बसून बघितलं.

ती मुलगी आज अकरावी आर्ट्सला आहे. आर्ट्स वाईट असं मी म्हणत नाही, मनापासून घेणाऱ्याने जरूर घ्यावं. पण तिने ते तसं मनापासून घेतलेलं नाही. कॉलेज जवळ आहे, एसटी दारातून जाते, मैत्रिणी तिथेच आहेत, म्हणून ती तिथे आहे. मी तिच्या वडिलांशी इलेक्ट्रिशियन ट्रेडबद्दल बोलले तेव्हा ते फार शांतपणे म्हणाले, "आंडेरले आयटीआयमा कोन धाडस मॅडम?" (मुलीला आयटीआयमध्ये कोण पाठवतं?) त्यावर माझ्याकडे दाखवायला एकही उदाहरण नव्हतं. गावातली एक जरी मुलगी त्या वाटेने गेलेली असती तर बोलणं तिथे थांबलं नसतं.

पुढच्या जूनपासून नववीसाठी दर शनिवारी काहीतरी ठोस सुरू करायचं आहे. मुख्याध्यापकांनी होकार दिलाय, पैसे मात्र नाहीत. २०१६ पासून काही वर्षं दहावीला कलचाचणी व्हायची. अहवालात 'तांत्रिक क्षेत्रात रुची' असं यायचं, पण पारोळ्याच्या पोराने ती रुची घेऊन कुठे जायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. व्याख्यानंही झाली. पाहुणे येतात, 'मोठी स्वप्नं बघा' म्हणतात, मुलं टाळ्या वाजवतात. मला तो प्रकार आता नको आहे. मुलांनी कामाची जागा डोळ्यांनी बघावी, हाताने काहीतरी करावं, त्या माणसाला पगार आणि शिक्षण दोन्ही विचारावं, असं हवं आहे.

तर विचारायचं असं : आयटीआय, पॉलिटेक्निक, कारखाने शाळेच्या मुलांना आत घेतात का, आणि कुणाशी बोलायचं? ज्या शाळेत प्रयोगशाळाच जेमतेम आहे तिथे हाताने करायचं काय? आणि सगळ्यात अवघड म्हणजे मुलींच्या पालकांशी कसं बोलायचं? खान्देशातल्या कुणी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद : जुना फिटर

मॅडम, मी धुळे जिल्ह्यात आयटीआयला निदेशक (म्हणजे ट्रेड शिकवणारा) होतो, आता निवृत्त आहे. आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. प्राचार्यांच्या नावाने शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, तारीख त्यांनाच ठरवू द्या. आयटीआयला चांगले प्रवेश हवेच असतात, कुणी नाही म्हणत नाही. फक्त ट्रेड परीक्षेच्या काळात जाऊ नका.

आणि नुसतं फिरवून आणू नका. पन्नास पोरं रांगेने वर्कशॉपमधून गेली की त्यांना लेथ आणि मिलिंग यातला फरकही आठवत नाही. दहा-बारा जणांचा गट न्या आणि निदेशकाला सांगा, यांच्या हातात कानस द्या. फिटरचं पहिलं काम तेच असतं. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये धरायची, एक कड सरळ घासायची, दुसरी तिला काटकोनात आणायची. मग गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडासमोर धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. तासाभरात कळतं कुणाला कंटाळा आला आणि कोण जेवायची सुट्टी झाली तरी जागचा हलत नाही. मी आयुष्यभर पोरं याच कसोटीवर ओळखली.

त्या मुलीच्या वडिलांना काय सांगायचं ते लिहितो. शासकीय आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा ट्रेड आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या (पॉलिटेक्निकच्या) थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे वाट बंद होत नाही. पालकांच्या मनात हीच भीती असते की आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं. ती काढा, निम्मं काम होईल.

दुसरं, भुसावळ. रेल्वेच्या अ‍ॅप्रेंटिसची (शिकाऊ उमेदवारांची) निवड लेखी परीक्षेने होत नाही. दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून मेरिट लागतं आणि दहावीला किमान ५० टक्के लागतात. त्यामुळे 'आयटीआयलाच जायचंय, दहावीला पास झालं की पुरे' असं म्हणणाऱ्या पोरांना हे नववीतच सांगा. पस्तीस टक्केवाला तिथेच बाद होतो. दीपनगरचं औष्णिक केंद्र आणि वरणगावची आयुध निर्माणी हेही जवळच आहेत, त्यांच्या अ‍ॅप्रेंटिसच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

प्रतिसाद : सातपुडा

ताई, प्रयोगशाळा जेमतेम असली तरी अडत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाची पद्धत बघा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा शालेय कार्यक्रम उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस मुलं हातांनी काम करतात : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार भाग. शिकवायला गावातलेच लोक येतात. वेल्डर, गवंडी, नर्सताई, रोपवाटिकावाला. आणि मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगी पडतं, म्हणजे बाक दुरुस्त करणं, माती तपासणं, हिमोग्लोबिन बघणं. याच धर्तीचा बहुकौशल्याचा विषय नववीपासून बोर्डाचा विषय म्हणूनही घेता येतो. पण त्याला मान्यता वगैरे आली, तुम्ही आधी शनिवार सुरू करा.

तुमच्याकडे तर ते रिवाइंडिंगवाले काका आहेतच. त्यांनाच पहिल्या शनिवारी बोलवा. जळालेली मोटर उघडून दाखवू द्या, तार किती गेजची, किती वेढे, एका मोटरमागे मजुरी किती. मुलं हिशेब घालतील. तुमचा धडाही त्यातच होईल.

एक काळजी घ्या. मुलांनी बघायचं, शिकायचं, पण दुकानाच्या कामाला जुंपायचं नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि अठरापर्यंत धोकादायक कामाला. पालकांची लेखी संमती घ्या, एक शिक्षक कायम सोबत असू द्या, वीजजोडणी बंद असतानाच हात लावू द्या.

शेतीची वाट विसरू नका. दहावीनंतर कृषी पदविका आहे. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात टिश्यू कल्चरची रोपं, ठिबक, केळीचं पॅकहाऊस या सगळ्याला शिकलेली माणसं लागतात. जळगावचं केळी संशोधन केंद्र आणि धुळ्याचं कृषी महाविद्यालय दोन्ही तुम्हाला एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. आणि साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आणि शिवाजीनगरचा महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. इलेक्ट्रिशियन होऊन माणूस काय करतो हे पोरांना तिथे उघड्या डोळ्यांनी दिसेल.

प्रतिसाद : चाकणहून

मी अमळनेर तालुक्यातला. मराठी शाळा, मग डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला बी.ई. दोन गोष्टी सांगतो ज्या मला दहावीत कुणी सांगितल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

पहिली, कागद. हुशार पोरांचे प्रवेश मार्कांवाचून अडत नाहीत, दाखल्यांवाचून अडतात. जातीचं प्रमाणपत्र आणि डोमिसाईल नववीतच काढून ठेवायला लावा. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून तो जानेवारीत काढून उपयोग नाही, एप्रिल लागला की लगेच काढायचा. निकालानंतर सेतू केंद्रावर जी गर्दी होते ती तुम्ही बघितलीच असेल. आधार, शाळेचा दाखला आणि जातीचं प्रमाणपत्र या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का तेही आत्ताच तपासा. एका अक्षरावरून पोरं तहसीलला चकरा मारतात. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी गोष्ट झाली आहे : आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींना शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे पालकांना फळ्यावर लिहून दाखवा.

दुसरी, इंग्रजी. डिप्लोमाला पहिल्या वर्षी गावची पोरं गळतात ती गणित येत नाही म्हणून नव्हे. बल म्हणजे फोर्स हे माहीत असतं, पण 'रिझॉल्व्ह द फोर्स' वाचलं की हात थांबतो. नववीपासून विज्ञानाच्या प्रत्येक धड्यातले शब्द दोन्ही भाषांत वहीत लिहून घ्या. तुमच्या हातात आहे, पैसा लागत नाही.

आणि पालकसभा शाळेच्या वेळेत घेऊ नका ताई. कापूस वेचणीच्या दिवसांत तर कुणीच येणार नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घ्या. आम्ही सगळे तेव्हा गावी येतो. सुरतवाले, नाशिकवाले, चाकणवाले, सासरच्या लेकीही माहेरी असतात. निकालही त्यानंतरच लागतो. संध्याकाळी मंदिराच्या पारावर सतरंजी टाका आणि गावच्याच पोरापोरींना बोलायला लावा. काय शिकलो, किती पगार, खोलीचं भाडं किती, पहिल्या वर्षी काय त्रास झाला. बाहेरच्या पाहुण्यापेक्षा 'हा आपल्या नानाचा पोरगा' याचं लोक ऐकतात. मी स्वतः येईन, तारीख कळवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आखाजीची कल्पना आज मुख्याध्यापकांना सांगितली. ते म्हणाले, सभा पारावरच घेऊ, स्पीकर मी आणतो. शाळेला सुट्टी असली तरी आम्ही चौघे शिक्षक थांबणार आहोत आणि निकालानंतर आठवडाभर शाळेच्याच संगणकावर तिन्ही फॉर्म भरून देणार आहोत. मुलं कॅफेच्या रांगेत उभी राहण्याआधी आमच्याकडे येतील असं बघू.

फिटरकाका, कानशीचं तुम्ही लिहिलंत ते मी वर्गात वाचून दाखवलं. आमच्या आयटीआयला पत्र तयार आहे. दहा-दहाचे गट केलेत, प्रत्येक गटात निम्म्या मुली.

दाखल्यांची यादी नोटीस बोर्डावर लावली आहे. स्पेलिंग तपासायला बसलो तर पहिल्याच बाकावर दोन मुलांच्या आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळं निघालं, त्यांची दुरुस्ती सुरू केली.

ती मुलगी परवा भेटली. तिला थेट दुसऱ्या वर्षाचं सांगितलं. अकरावी झाली तरी दहावीच्या गुणांवर आयटीआयचा फॉर्म भरता येतो, त्यामुळे वेळ गेलेली नाही. ती तयार आहे, पण वडिलांशी तिने नव्हे, आपण बोलायचं आहे. म्हणून एक शेवटची विनंती. महावितरणमध्ये तंत्रज्ञ म्हणून लाइनवर काम करणारी किंवा आयटीआयतून इलेक्ट्रिशियन झालेली एखादी ताई धुळे-जळगाव भागात कुणाच्या ओळखीची असेल तर तिला विचारून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आखाजीच्या सभेला तिला गाडी करून आणायची आणि घरी पोचवायची जबाबदारी माझी.