वाड्याच्या पाडकामात बाटल्या सापडल्या, किती जुन्या असतील?

लष्करवाला: ग्वाल्हेरला आमच्या वाड्याचं न्हाणीघर पाडलं तर खाली दोन बाटल्या निघाल्या, एक गोटीसोड्याची अन् एक निळी औषधाची, वर्ष कसं ओळखायचं?

बाटलीबाबा: निळीच्या शिवणीवर, म्हणजे साच्याच्या जोडाच्या उभ्या रेघेवर, नख फिरव. शिवण तोंडाच्या काठावरून आरपार गेली असेल तर मशीनची, म्हणजे १९०३ नंतरची, ओवेन्सचं आपोआप बाटल्या बनवणारं मशीन तेव्हाचं. मानेतच विरली तर बहुतेक तोंड हाताने केलेलं. गोटीवालीचं पेटंट हायरम कॉडचं, १८७२, पण तसल्या बाटल्या आपल्याकडे नंतरही खूप बनल्या त्यामुळे नुसत्या आकारावर उड्या मारू नकोस, बुडाशी अक्षरं आहेत का?

लष्करवाला: शिवण मानेतच संपते!! बुडाशी माती घट्ट बसलीय, ॲसिड वापरू?

सराफ्यातली वहिनी: अरे नको रे, कोमट पाण्यात भिजत ठेव. माझी एक आईने उकळत्या पाण्यात टाकली, टक्कन तडकली.