व्हीएचडीएल की व्हेरिलॉग? नवख्यांच्या हाती आधी काय द्यावं

कडक_टाइप (धागाकर्ता)
आमच्या गटात नवा एफपीजीए (हवं ते सर्किट भरता येणारी चिप) प्रकल्प सुरू होतोय. सर्किटचं वर्णन लिहायच्या दोन मुख्य भाषा म्हणजे व्हीएचडीएल आणि व्हेरिलॉग. बहुतेकांनी आजवर फक्त सॉफ्टवेअर लिहिलंय. "सगळे व्हेरिलॉगच लिहितात" एवढ्यावर भाषा ठरायच्या बेतात आहे आणि मला ते पटत नाही. नवख्यांना आधी व्हीएचडीएलच द्यावी.

कारण सांगतो. व्हेरिलॉगमध्ये मॉड्यूल (सर्किटचे तुकडे) जोडताना वायरच्या नावात एक अक्षर चुकलं तर कंपायलर अडवत नाही. त्या चुकलेल्या नावाची एक बिटची वायर गुपचूप तयार होते. तिथे आठ बिटची बस (आठ वायरींचा जुडगा) जोडायची असेल, तर सात बिट गेले वाऱ्यावर. वॉर्निंग येते, पण वॉर्निंगांच्या ढिगाऱ्यात ती वाचतो कोण?

दुसरं म्हणजे, आठ बिटच्या साइन्ड (ऋण संख्याही धरणाऱ्या) रजिस्टरमध्ये -१ आहे आणि तुम्ही त्याची तुलना अनसाइन्ड (ऋण संख्या नसलेल्या) १ शी केलीत. व्हेरिलॉग दोन्ही बाजू अनसाइन्ड धरतं, -१ चे २५५ होतात आणि 'लहान आहे का' याचं उत्तर 'नाही' येतं. व्हीएचडीएलच्या न्यूमेरिक स्टँडर्ड पॅकेजात ही तुलना कंपाइलच होत नाही.

ऑलवेज_ब्लॉक
पहिल्या तक्रारीवर एका ओळीचा उपाय आहे: फाइलच्या सुरुवातीला 'डिफॉल्ट नेटटाइप नन'. नाव चुकलं की एरर. दुसरीसाठी लिंट (संशयास्पद कोड दाखवणारं साधन) चालवा. हे न करता व्हेरिलॉग लिहिणाऱ्याचा दोष भाषेच्या माथी का मारता?

आणि व्हीएचडीएलच्या कडकपणाचं कौतुक जरा जपून. दोन आठ बिटच्या अनसाइन्ड संख्यांची बेरीज तिथेही आठच बिटची येते, म्हणजे कॅरी (हातचा) गेला. नऊ बिट हवेत तर आधी रिसाइझ करा. व्हेरिलॉगमध्ये डावी बाजू नऊ बिटची ठेवा, कॅरी आपसूक मिळतो. एक इंटिजर बसवर टाकायचा तर आधी अनसाइन्ड करा, मग व्हेक्टर (बिटांची रांग) करा. लिहिता लिहिता बोटं झिजतात. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याला चिपांचं नेमकं वर्णन कागदावर हवं होतं, त्यातून ही भाषा जन्मली, वर एडा या प्रोग्रॅमिंग भाषेचे संस्कार. त्यामुळे तिला बडबड सुटली आहे.

कडक_टाइप
नऊ बिटच्या सिग्नलला आठ बिटची बेरीज दिली की एरर येते. मला ती हवीच आहे! किती बिट ठेवायचे हे लिहिणाऱ्याने ठरवावं. आणि बडबडीचं म्हणाल तर १९९३ पासून कंपोनंट डिक्लरेशनशिवाय, म्हणजे तुकड्याची जोडणी पुन्हा न लिहिता, थेट एन्टिटी (सर्किटचा तुकडा) जोडता येते. २००८ पासून सेन्सिटिव्हिटी लिस्टमध्ये (कोणते सिग्नल बदलले की कोड चालवायचा, त्या यादीत) नुसतं 'ऑल' लिहून भागतं. लोक १९८७ ची व्हीएचडीएल बघून नाकं मुरडतात.

माझा खरा मुद्दा अजून राहिलाय. व्हेरिलॉगमध्ये एकाच क्लॉक कडेवर (क्लॉकच्या एकाच ठोक्यावर) दोन ऑलवेज ब्लॉक (सिग्नल बदलला की चालणारे कोडचे भाग) चालतात. एक ब्लॉकिंग असाइनमेंटने, म्हणजे साध्या '=' ने, रजिस्टर लिहितो, दुसरा तेच वाचतो. दुसऱ्याला जुनी किंमत दिसेल की नवी? आधी कोणता ब्लॉक चालवायचा हे स्टँडर्डने सिम्युलेटरवर (सर्किट संगणकावर चालवून बघणाऱ्या साधनावर) सोडलंय. एका सिम्युलेटरवर चालतं, दुसऱ्यावर नाही, आणि बोर्डावर तिसरंच. व्हीएचडीएलच्या सिग्नलला नवी किंमत पुढच्या डेल्टा सायकलमध्येच (सिम्युलेशनच्या शून्य वेळाच्या पुढच्या टप्प्यातच) मिळते, म्हणून सिग्नलांपुरता हा घोळ संभवतच नाही.

टेस्टबेंच_तज्ज्ञ
तुम्ही दोघंही जुन्या व्हेरिलॉगवर भांडताय. सिस्टिमव्हेरिलॉग, म्हणजे व्हेरिलॉगचा विस्तार, २००५ मध्ये स्टँडर्ड झालं, २००९ मध्ये व्हेरिलॉगच त्यात विलीन झालं. ऑलवेज-एफएफ (फ्लिपफ्लॉपसाठी), ऑलवेज-कॉम्ब (स्मृती नसलेल्या लॉजिकसाठी) लिहा, हेतू टूलला कळतो आणि नको असलेला लॅच (किंमत धरून ठेवणारा घटक) तयार झाला तर टूल ओरडतं. (साइन्ड-अनसाइन्डचा सापळा मात्र तसाच आहे, हे मान्य.)

पडताळणीत तर तुलनाच नको. यूव्हीएम ही पडताळणीची पद्धत आणि लायब्ररी सिस्टिमव्हेरिलॉगमध्ये आहे आणि मोठ्या चिपांची पडताळणी त्यावर चालते. व्हीएचडीएलवाल्यांकडे त्याच कामाची ओएसव्हीव्हीएम आणि यूव्हीव्हीएम आहेत, चांगलीही आहेत, पण ती येणारी माणसं शोधून दाखवा.

मोकळी_साधनं
खुल्या साधनांचा विचार कुणीच करत नाहीये. योसिस (कोडचं सर्किट करणारं, म्हणजे सिंथेसिसचं साधन) व्हेरिलॉग थेट वाचतं, व्हीएचडीएलसाठी जीएचडीएल या सिम्युलेटरचा प्लगइन जोडावा लागतो. व्हेरिलेटर हे सिम्युलेटर कोडचं सी प्लस प्लस करून देतं आणि ते सुसाट पळतं. पण जपून: ते मुख्यतः ० आणि १ याच दोन स्थिती मानतं. रीसेट न केलेलं रजिस्टर तिथे 'एक्स' (किंमत अज्ञात) म्हणून डोळ्यांत भरत नाही. व्हीएचडीएलच्या नऊ स्थितींत 'यू' ही खास अशा कधीच किंमत न दिलेल्या सिग्नलसाठीच आहे. हा गुण धागाकर्त्याने मोजलाच नाही.

स्काला_पंथी
अजून याच दोघींत अडकलात? चिझल घ्या, स्काला भाषेत बसवलेली हार्डवेअर भाषा. बर्कलीतून आलं, रॉकेट हा रिस्क-व्ही (खुल्या सूचनासंचाचा) प्रोसेसर कोअर त्यातच लिहिलाय. पॅरामीटर बदला, हवं तसं हार्डवेअर तयार.

ऑलवेज_ब्लॉक
आणि टायमिंग रिपोर्टमध्ये (सिग्नल वेळेत पोहोचतात का हे सांगणाऱ्या अहवालात) टूलने पाडलेली नावं दिसली की ती मूळ कोडच्या कोणत्या ओळीची, हे शोधत बसा. शेवटी बाहेर पडतं ते व्हेरिलॉगच. ते वाचता येत नसेल तर चिझल घेऊन करणार काय?

क्लॉक_ओलांडणारा
बाबांनो, एका क्लॉकवर चालणारा आठ बिटचा बायनरी काउंटर दुसऱ्या, असंबद्ध क्लॉकवर सरळ वाचा. व्हीएचडीएल काही बोलणार नाही, सिस्टिमव्हेरिलॉगही नाही. ०१११११११ वरून १०००००००वर जाताना आठही बिट बदलतात, मधेच पकडलं तर कुठलाही आकडा हाती येईल. साध्या सिम्युलेशनमध्ये हे बहुधा दिसतही नाही. ग्रे कोड (दर पायरीला एकच बिट बदलणारी मोजणी) करून दोन फ्लिपफ्लॉपांतून न्या, नाहीतर असिंक्रोनस फिफो (दोन क्लॉकांमधली डेटाची रांग) वापरा. बोर्डावर क्वचितच उगवणाऱ्या चुका मी पाहिल्या त्या अशाच, आणि तुमच्या टाइपांना त्यांचा पत्ताच नसतो.

कडक_टाइप
मान्य, पण हा भाषा निवडण्याचा निकष कसा झाला? भाषा जे पकडू शकते ते तरी पकडू दे, म्हणजे माणसाचं डोकं क्लॉकसाठी मोकळं राहील. आमच्यापुरतं मी सुचवणार आहे: डिझाइन व्हीएचडीएल-२००८ मध्ये, टेस्टबेंच (डिझाइन तपासणारा कोड) कोकोटीबी या पायथन लायब्ररीवर. पायथन सगळ्यांना येतं आणि कोकोटीबीला दोन्ही भाषा चालतात.

टेस्टबेंच_तज्ज्ञ
चालेल, पण आधी तुमच्या सिंथेसिस टूलला २००८ मधलं नेमकं काय काय पचतं ते तपासा. नुसतं 'सपोर्ट आहे' यावर विसंबू नका. विकत घेतलेला एखादा ब्लॉक व्हेरिलॉगमध्ये आला तर दोन भाषांच्या सीमेवर साधे बिट आणि बसच ठेवा, रेकॉर्ड (अनेक सिग्नल एकत्र बांधणारा टाइप) पलीकडे नेण्याच्या भानगडीत पडू नका. मी तरीही सिस्टिमव्हेरिलॉगच घेतलं असतं.

ऑलवेज_ब्लॉक
मीही. पण 'ऑल' वाली सेन्सिटिव्हिटी लिस्ट तुमचं टूल घेतं का, ते इथे कळवा.