जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये किल्ली फिरवूनही स्टार्टर फिरत नाही

प्रश्न: माझ्या व्हॅनचे इंजिन थंड असताना लगेच सुरू होते, मात्र तासभर चालवून थांबल्यावर किल्ली फिरवली, की डॅशबोर्डखालून फक्त ‘टक्’ असा आवाज येतो आणि स्टार्टर ढिम्म हलत नाही. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टरचा रिले (किल्लीच्या लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा स्विच) बदलूनही फरक पडलेला नाही. दोष कुठे शोधावा?

पहिले उत्तर: ‘टक्’ वाजले म्हणजे रिलेच्या कॉइलला, अर्थात ८५ आणि ८६ या टोकांना, वीज मिळते एवढेच ठरते, बॅटरीकडून वीज आणणाऱ्या ३० क्रमांकाच्या टोकाकडून स्टार्टरकडे जाणाऱ्या ८७ कडे पुरेसा प्रवाह जातो की नाही, हे त्यावरून कळत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, कोणाला तरी किल्ली धरून ठेवायला सांगा आणि त्याच क्षणी सोलेनॉइडच्या (स्टार्टरवरच्या विद्युतचुंबकी स्विचच्या) टोकावर व्होल्टेज मोजा. भार नसताना घेतलेले माप फसवे असते.

दुसरे उत्तर: अर्थिंगची पट्टीही तपासा. किल्ली फिरवलेली असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यात अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर ती खराब समजावी. आधीच्या मालकाने फ्रिजसाठी इग्निशनच्या वायरला जोड मारलेला नाही ना, हेही पाहा. अशा गाड्यांत तो हमखास सापडतो.

प्रश्नकर्ता: अर्थिंग ठीक निघाले, पण सोलेनॉइडवर जेमतेम ८ व्होल्ट मिळत होते. रिलेचा सॉकेट उलटा करून पाहिला, तेव्हा ३० क्रमांकाची पिन सैल होऊन तिच्याभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी पडलेले दिसले. बॅटरी सोडवून सॉकेट आणि पिन बदलली. आता गरम इंजिनही सुरू होते.