वाकड्या पावलांना शंभर वर्षांपूर्वी इलाज होता का?

प्रश्न (डिचोली, एक आई)

माझी मुलगी दोन महिन्यांची आहे. जन्मतःच दोन्ही पावलं आत वळलेली, क्लबफूट. दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, उद्या पाचवं. आदल्या रात्री कोमट पाण्याच्या टबात पाय भिजवून मी जुनं सोडवते आणि तिची उघडी पावलं हातात घेऊन बसते. आठवड्यातून तेवढीच ती मला दिसतात.

आमच्या आजेसासूबाईंच्या थोरल्या भावाचे पाय असेच होते. 'ग्रहणाचं' म्हणून कुणी हात लावला नाही. तो जन्मभर पावलांच्या बाहेरच्या कडेवर चालला, तिथे जाड घट्टे पडले होते. परवा प्लास्टरवर हात फिरवत त्या म्हणाल्या, "तेव्हा हे जगात कुठंच नव्हतं का गो?" मला त्यांना खरं उत्तर द्यायचं आहे.

उत्तर १ (फोंडा, प्लास्टर रूममध्ये २६ वर्षं काम केलं)

ताई, आधी कामाचं. प्लास्टर रात्री सोडवू नका. पाऊल लगेच मागे वळायला लागतं, आठवड्याची मेहनत जाते. निघायच्या आधी सकाळी भिजवा. नवं घातल्यावर बोटं दाबून बघा, पांढरी झालेली लगेच गुलाबी व्हायला हवीत.

आता आजींचं. इलाज होता, आणि काही ठिकाणी गरिबांसाठी सरकारी खर्चाने होता. अमेरिकेत मिनेसोटात जेसी हॅस्किन्स ही कॉलेजातली मुलगी, तिचा स्वतःचा कणा वाकलेला. तिने आमदारांचा पिच्छा पुरवला, हाडांचे डॉक्टर गिलेट पाठीशी उभे राहिले आणि १८९७ साली अशा गरीब मुलांवर सरकारी खर्चाने उपचार करण्याचा कायदा झाला. इंग्लंडात ॲग्नेस हंट या स्वतः लंगडणाऱ्या नर्सने १९०० साली बॅसचर्च गावात अपंग मुलांसाठी घर उघडलं. हाडांचा क्षय तेव्हा फार, म्हणून मुलांना उघड्या शेडमध्ये मोकळ्या हवेत ठेवत.

तुमच्या मुलीचा धागा मात्र अमेरिकेतल्याच आयोवा राज्याशी जुळतो. तिथे १९१५च्या कायद्याने गरीब मुलांच्या उपचारांचा खर्च राज्याने उचलला. विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. स्टाइंडलर यांनी अस्थिविभाग उभारला. त्याच विभागात पुढे स्पेनहून आलेले डॉ. पोन्सेटी शिकले. मोठी शस्त्रक्रिया झालेली पावलं वयात आल्यावर ताठर होतात, दुखतात, हे पाहून त्यांनी हलक्या हाताने वळवून प्लास्टर घालण्याची रीत बसवली. तुमच्याकडे चाललंय ते हेच.

पणजीत वैद्यकीय शाळा १८४२ पासून होती. पण ग्रहणाचा दोष मानलेलं मूल तिथवर नेणार कोण? याचं मला आजही फार वाईट वाटतं.

उत्तर २ (साखळी)

प्लास्टर संपलं की मधल्या पट्टीने जोडलेले बूट देतील. तीन महिने जवळजवळ दिवसभर, मग चौथ्या वर्षापर्यंत झोपेत. माझा मुलगा रडायचा म्हणून मी दीड वर्षाचा असताना बंद केले. पाऊल परत वळलं, पुन्हा प्लास्टर. कितीही रडली तरी घालाच.

डिचोलीहून पुन्हा

काका, सकाळीच भिजवलं. आजींना सगळं वाचून दाखवलं. १९१५ ऐकून त्या बोटांवर मोजत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचा दादा एकतीस सालचा."