प्रतिसाद: दंगा आणि वाचन वेगळं काढू नका
शिक्षकांसाठी वर्गशिस्त आणि पहिलीचं वाचन यांची प्रशिक्षणं वेगवेगळी घ्यावीत, हे मत पटलं नाही. वाचायची पाळी आली की पाणी प्यायला पळणारं मूल बऱ्याचदा अक्षरांत अडकलेलं असतं. कार्यशाळेत शिक्षकांकडून अशा एका मुलाची पाच दिवसांची नोंद करून घ्या: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यामुळे काय टळलं. तिसरा रकाना बऱ्याचदा कोरा राहतो, आणि खरी मेख तिथेच!

टळलं ते वाचन असेल, तर मग अक्षरं तपासा. घ-ध, भ-म लागोपाठ शिकवले की गोंधळ ठरलेला. क, म, ल, काना आणि दुसरी वेलांटी एवढ्यावर 'कमल', 'लाल', 'मामी' वाचता येतात. अख्ख्या बाराखडीसाठी थांबायचं कशाला? एकेकाला उभं करण्याऐवजी दहा मिनिटं जोडीने वाचू द्या.