शब्दचर्चा : पब, बार, गुत्ता... आणि हा "लँडलॉर्ड" नक्की कोण?

अनुवादात_अडकलेली

मंडळी मदत हवीये. एका इंग्लिश रहस्यकथेचं मराठी करतेय, काळ १९५० च्या आसपासचा, जागा यॉर्कशायर. एका वाक्यावर दोन दिवस अडलेय, देवनागरीत लिहिते: "ही वॉज इन हिज लोकल व्हेन द लँडलॉर्ड कॉल्ड टाइम." पहिल्या खर्ड्यात रात्री एकच्या झोपेत मी लिहून गेले, "घरमालकाने वेळ विचारली तेव्हा तो लोकलमध्ये होता." सकाळी नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, यॉर्कशायरला कुठली लोकल, ठाणे स्लो का? तर लोकल म्हणजे पब हे आता कळलं, पण मग "त्याच्या नेहमीच्या बारमध्ये" लिहू का? आणि घरमालकाचं काय करू? त्या पबात तो भाड्याने राहत नाहीये हे नक्की.

लीड्सकर

ताई, आधी हसून घेतो मग लिहितो.

हां. "बार" लिहू नका, प्लीज. पब म्हणजे पब्लिक हाउस, म्हणजे मुळात ते घर आहे, खाली लोकांना बसून प्यायची सोय आणि वरच्या मजल्यावर चालवणाऱ्याचं बिऱ्हाड, अजूनही कित्येक ठिकाणी तसंच असतं, त्याचं कुत्रं सगळ्यांच्या पायात फिरत असतं आणि त्याची बायको स्वयंपाकघरातून डोकावते. म्हणून चालवणारा तो लँडलॉर्ड, बाई असली तर लँडलेडी. गंमत म्हणजे बऱ्याचदा हा लँडलॉर्ड स्वतःच भाडेकरू असतो, इमारत बिअर बनवणाऱ्या कंपनीची, आणि करार असा की बिअर आमच्याकडूनच घ्यायची. असं बंधन ज्याला नाही तो पब पाटीवर "फ्री हाउस" लिहितो. आमचे मेव्हणे पहिल्यांदा आले तेव्हा ती पाटी वाचून त्यांचा चेहरा जो उजळला होता तो मी विसरणार नाही, आणि पाच मिनिटांनी काउंटरवर पैसे मोजताना जो पडला होता तोही नाही.

आणि "बार" म्हणजे ब्रिटिश माणसाच्या डोक्यात आधी तो लाकडी काउंटर. मुळात आडवा दांडाच की तो. पबात बार असतो, पण पब म्हणजे बार नाही, जसं आपल्या घरात ओटा असतो पण घराला कोणी ओटा म्हणत नाही.

"कॉल्ड टाइम" म्हणजे बंद करायची वेळ झाल्याची हाळी. आधी घंटा वाजवून "लास्ट ऑर्डर्स", मग परत घंटा आणि "टाइम, जेंटलमेन, प्लीज". त्यानंतर हातातला ग्लास संपवायला काही मिनिटं मिळतात आणि मग तो टेबलं पुसायला लागतो, अगदी तुमच्या कोपराखालचंसुद्धा. ही वेळेची कडक शिस्त आली पहिल्या महायुद्धात, कारण दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार दारू पिऊन कामाला यायला लागले (मराठीत हे वाक्य फारच छान होतं, दारूपायी दारूचं काम अडलं). दुपारी पब बंद ठेवायचा नियम तर तिथून जो सुरू झाला तो इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकला. आणि रात्री अकराची घंटा २००५ मध्ये नवा कायदा लागू झाल्यावर सक्तीची राहिली नाही, तरी आमच्या कोपऱ्यावरचा लँडलॉर्ड अजून अकरालाच वाजवतो, त्याला झोप येते म्हणून.

जर्सीकर

मी अमेरिकेतून, तर दुसरी बाजू मांडतो. इकडे "बार" हाच शब्द, आणि "पब" पाटीवर दिसला की समजायचं आयरिश थीम आहे, भिंतीवर हिरवं काहीतरी आणि मेनूत फिश अँड चिप्स. इकडे माणूस बारला जातो म्हणजे खरोखरच बारला जातो, त्या काउंटरपाशी उंच स्टुलावर बसतो, समोर टीव्हीवर गेम आणि मध्ये बारटेंडर, आणि एकटा असला तरी बिचारा वाटत नाही कारण बारटेंडर बोलत असतो. लीड्सला मित्राकडे गेलो तेव्हा मी सवयीने काउंटरला चिकटून उभा राहिलो तर मागून लोक सारखे "सॉरी, सॉरी" करत हात पुढे काढत होते. नंतर कळलं की मी रस्ता अडवला होता. तिथे काउंटरवर जायचं, पैसे द्यायचे, ग्लास उचलायचा आणि टेबलावर यायचं. मी टेबलावर बसून वेटरची वाट बघितली असती तर अजून तिथेच असतो.

लीड्सकर

आणि रांगही नसते बरं का तिथे, म्हणजे दिसत नाही, पण आहे. रांगेसाठी प्रसिद्ध असलेला देश फक्त पबच्या काउंटरवर आडवा पसरून उभा राहतो आणि तरी प्रत्येकाला पक्कं माहीत असतं की आपल्या आधी कोण आलंय. पैसे हलवून किंवा "ओ भाऊ" करून लक्ष वेधलंत तर सगळ्यात शेवटी मिळणार.

तात्या_शुद्धलेखनवाले

चर्चा रंगतदार आहे परंतु "पब" या परकीय शब्दासाठी आपल्याकडे शब्द असताना तो का वापरावा? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारीच आहे आणि तिथे "पानागार" शब्द आला आहे, अनेक खोल्या, वेगवेगळी आसने आणि शय्या, गंध, फुले, पाणी अशी सारी व्यवस्था सांगितली आहे. "पानागारात बसला होता" असे लिहावे.

अनुवादात_अडकलेली

तात्या शब्द गोड आहे, पण वाचक पान खायला जाईल हो. कथेतला माणूस कोळशाच्या खाणीत काम करतो, त्याला पानागारात कसा बसवू? मी "गुत्ता" असाही विचार केला होता, त्यात तो रोजचा, ओळखीचा भाव आहे ना?

परभणीवाला

ताई गुत्ता नको. आमच्याकडं गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार, रस्त्याचा गुत्ता, वाळूचा गुत्ता असं सर्रास म्हणतात. गुत्ता म्हणजे मुळात ठेकाच. दारू विकायचा ठेका म्हणून दारूचा गुत्ता, आणि मग नुसता गुत्ता म्हटलं तरी दारूच असं झालं. पण त्या शब्दाला वास आहे. गुत्त्यावर गेलेला माणूस बायकोला सांगून जात नाही.

लीड्सकर

भाऊ, शेवटचं वाक्य म्हणजे अख्ख्या चर्चेचं सार आहे. पबात माणूस बायकोला सांगून जातो, नव्हे बायकोला घेऊन जातो, रविवारी दुपारी सासूलाही नेतो. रविवारचं भाजलेलं मांस, बटाटे, ग्रेव्ही हे जेवण पबात खायला तीन पिढ्या एका टेबलावर असतात. म्हणून मराठी कानाला जे "दारूचं दुकान" वाटतं ते तिकडे पाराच्या जवळ जातं. पार म्हणा, चावडी म्हणा, फक्त हातात ग्लास. (जुन्या काळी कामगारांच्या पबात बायकांनी एकटीने जाणं बरं दिसायचं नाही, तेव्हा तुमच्या १९५० च्या कथेत सासू घालू नका.)

पण ठेक्यावरून सुचलं, ही सगळी नावं सरकारी परवान्याचीच आहेत की! इंग्लंडात बाटली विकत घेऊन घरी न्यायचं दुकान म्हणजे "ऑफ लायसन्स", म्हणजे दुकानाच्या जागेत बसून प्यायचा परवाना नाही. आपली "परमिट रूम" १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या पोटातून आली. दारू प्यायच्या जागेला आपण कधी चवीचं नाव दिलंच नाही, कागदाचं दिलं.

जर्सीकर

अमेरिकेत तर एक शब्दच बदनाम झाला, "सलून". काउबॉय सिनेमातलं ते झुलत्या दाराचं सलून. त्याविरुद्ध अँटी सलून लीग १८९३ साली निघाली आणि शेवटी १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी. बंदी उठल्यावर पाट्यांवर टॅव्हर्न आलं, लाउंज आलं, पण सलून म्हणायला लोक कचरायला लागले.

परभणीवाला

आमच्याकडं सलूनमध्ये अजून दाढी करतात.

लीड्सकर

आणि इकडे सलून बार म्हणजे पबची उच्चभ्रू बाजू होती! एकाच पबात दोन दारं, एका बाजूला "पब्लिक बार", लाकडी बाक, उघडी फरशी, कामाचे बूट चालतील, आणि दुसऱ्या बाजूला "सलून बार", गालिचा, गादीच्या खुर्च्या, तीच बिअर पण दोन पैसे महाग. ताई तुमचा खाणकामगार पब्लिक बारमध्येच बसलेला असणार, त्याचा मॅनेजर दुसऱ्या दारातून आला असेल. रहस्यकथा आहे म्हणता तर बघा हं, दार कुठलं ते महत्त्वाचं असू शकतं.

अनुवादात_अडकलेली

अरे देवा. तिसऱ्या प्रकरणात खरंच आहे "तो चुकीच्या दाराने आत आला". मी "मागच्या दाराने" लिहिलंय! थँक्यू थँक्यू. अजून एक, "इट्स युअर राउंड" हे पात्र सारखं म्हणतं, चिडून. राउंड म्हणजे फेरी हे कळतं, पण चिड का?

लीड्सकर

हे मी स्वतःच्या अब्रूची किंमत देऊन शिकलोय. नवीन नोकरी, शुक्रवारी ऑफिसचे चौघे पबात. मी तेव्हा पीत नव्हतो, ऑरेंज ज्यूस. पहिल्याने सगळ्यांचं आणलं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, मी दरवेळी "नो नो, आय ॲम फाइन" म्हणत तीन ज्यूस प्यायलो आणि ट्रेनची वेळ झाली म्हणून हात हलवून निघालो. पाळीपाळीने सगळ्यांसाठी आणायचं असतं आणि चौथी पाळी माझी होती हे माझ्या गावीही नाही. कोणी काही बोललं नाही, तिथे बोलत नाहीत. तीन आठवड्यांनी एकजण हळूच म्हणाला, "यू आर अ बिट टाइट, आरन्ट यू?" आणि मी मराठी टाईट समजून छातीठोकपणे सांगितलं, मी? मी तर फक्त ज्यूस घेतला होता! तिकडे टाइट म्हणजे चिक्कू हे घरी येऊन कळलं. पुढच्या शुक्रवारी मी आल्या आल्या सगळ्यांचं आणलं आणि नंतर कोणी तो विषय काढला नाही.

आपली "कॉन्ट्री" वेगळी, तिथे शेवटी हिशोब होतो. राउंडमध्ये हिशोब कधीच होत नाही आणि तरी प्रत्येकाला तोंडपाठ असतो. युद्धकाळात, १९१५ मध्ये, एकाने दुसऱ्याला पाजायलाच सरकारने बंदी घातली होती, कारण राउंड सुरू झाला की चौघांचे चार ग्लास होणारच, कोणाला दोनच हवे असले तरी.

जर्सीकर

इकडे टॅब. कार्ड बारटेंडरकडे, जो तो आपापलं. पण टिप! प्रत्येक ड्रिंकला एकेक डॉलर किंवा एकूण बिलाचे वीस टक्के. न देणारा माणूस दुसऱ्यांदा त्या बारटेंडरच्या नजरेसच पडत नाही, समोर बसला असला तरी. कारणही आहे, टिप मिळणाऱ्या कामगाराचा केंद्रीय किमान पगार तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेवढाच (काही राज्यांत जास्त). इंग्लंडात मी काउंटरवर पाउंडाचं नाणं ठेवून आलो तर तो बाबा "तुझं काहीतरी राहिलं" म्हणून मागे धावत आला.

आणि पाइंट पाइंट म्हणतात पण दोन्हीकडचा पाइंट एक नाही हे पण लिहा कोणीतरी. ब्रिटिश ५६८ मिली, अमेरिकन ४७३.

परभणीवाला

म्हणजे फरक ९५ चा. एक नाईन्टीच की राव!

जर्सीकर

हाहा, वर पाच मिलीचा नैवेद्य. शिवाय तिकडे मापाचा कायदा, ग्लासावर शिक्का, आणि व्हिस्की मोजून २५ किंवा ३५ मिली, बाटली उलटी टांगलेली, थेंब जास्त येणार नाही. इकडे बारटेंडर बाटली हातात घेऊन अंदाजाने ओततो, म्हणूनच टिप कामाला येते.

एक इशारा, "सायडर". इकडे ऑक्टोबरमध्ये सफरचंदाच्या बागेत जातात, पोरं गरम डोनटबरोबर सायडर पितात, तो नुसता गढूळ सफरचंदाचा रस, दारूवाल्याला मुद्दाम "हार्ड सायडर" म्हणावं लागतं. माझ्या बहिणीने इंग्लंडातल्या पबात दहा वर्षांच्या मुलीसाठी सायडर मागितला. काउंटरवरच्या मुलीने आधी बहिणीकडे बघितलं, मग वाकून भाचीकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे विचारलं, "वुड शी लाइक अ लेमोनेड, लव्ह?" मग आलेलं लेमोनेडही लिंबूसरबत नव्हतं, सोड्यासारखं फसफसणारं पांढरं काहीतरी. भाची त्या दिवशी भाषेवर चिडली होती.

लीड्सकर

दारू पिण्याच्या वयाचा, अठरा आणि एकवीसचा फरकही आहेच, १९८४ च्या कायद्यापासून अमेरिकेत सगळीकडे एकवीस. केस पिकलेल्याला पण ओळखपत्र मागतात. आणि "पिस्ड" कुठे आलं तर ताई तपासून घ्या, इकडे प्यायलेला, तिकडे चिडलेला. "चिअर्स" मात्र इकडे पिण्याशिवायही चालतं, बस ड्रायव्हरला उतरताना म्हणतात, थँक्यूच्या जागी.

तात्या_शुद्धलेखनवाले

आपण इंग्रजीकडून एवढे घेतलेत, तर त्यांनी आपली "ताडी" नेऊन तिची "टॉडी" केली हेही नमूद व्हावे. आज स्कॉटलंडात सर्दीवर व्हिस्की, मध आणि गरम पाणी घेतात त्यास हॉट टॉडी म्हणतात. त्यात ताडाचा थेंब नाही.

अनुवादात_अडकलेली

तात्या हे माहीतच नव्हतं, मस्त! बरं, आत्तापर्यंतचं वाक्य: "पबच्या मालकाने 'चला, वेळ झाली' अशी हाळी दिली तेव्हा तो त्याच्या नेहमीच्या पबात बसलेला होता." पब दोनदा येतोय.

लीड्सकर

मालक नको, म्हटलं ना तो बऱ्याचदा मालक नसतो. "पबवाला" करा, आपण दूधवाला म्हणतो तेव्हा म्हशींची मालकी विचारत नाही. "तो त्याच्या नेहमीच्या पबात होता, पबवाल्याने 'चला, वेळ झाली' अशी हाळी दिली तेव्हा."

तात्या_शुद्धलेखनवाले

"आपल्या नेहमीच्या". "त्याच्या" हे इंग्रजी वळण. आणि क्रियापद शेवटी आणा.

अनुवादात_अडकलेली

"पबवाल्याने 'चला, वेळ झाली' अशी हाळी दिली तेव्हा तो आपल्या नेहमीच्या जागी बसलेला होता." लोकल गेलीच, पण राहिली पण. पब आधीच्या वाक्यात आलेला आहे. झालं! आता एकच, पुढे दहा ठिकाणी येतं म्हणून विचारते, पबात की पबमध्ये?

परभणीवाला

पबात. बारचं मात्र बारमध्येच करा, "बारात बसला" लिहिलं तर लोक नवरदेव शोधतील.